गाडीचा जोर एकाएकीं कां जातो?

आमचें डोणगांव हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील गांव. मेहकराहून मालेगांवाकडे जी सडक जाते तिच्यावरच तें वसलेलें असल्यामुळें वाहनांचा आवाज आम्हांस लहानपणापासून परिचयाचा आहे. परंतु त्या वेळीं मोटारी मोजक्या असत आणि त्यांचा वेगही बेताचा असे. आतां काळ पालटला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर ते ठाणें जिल्ह्यांतील आमणें असा ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला. तो आमच्या मेहकर तालुक्यांतूनच गेला आहे. ज्या घरीं पूर्वीं एक सायकल असे, त्या घरापुढें आज डिझेलची चारचाकी उभी असते. आणि लेकीसुनांस घेऊन मंडळी नागपुरास सकाळीं जाऊन रात्रीं परत येतात.

गाडी घेतांना आपण तिचा रंग पाहतों, बैठक पाहतों, किंमत पाहतों. तिच्या पोटांत काय चालतें याची विचारपूस मात्र फारसे कोणी करीत नाहींत. ‘तें मिस्त्र्याचें काम’ असें म्हणून आपण मोकळे होतों. आम्हीही असेच मोकळे होतों. परंतु गेल्या वर्षीं एका संध्याकाळीं हें अज्ञान आमच्या कुटुंबाच्या जिवावर बेतण्याच्या बेतांत आलें, आणि पुढें आठ दिवसांत तें पुतण्याच्या कमाईवरही बेतणार होतें. त्या प्रसंगानें आम्हांस जें शिकविलें तें वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

पुतण्या, सूनबाई, त्यांची बारावींत शिकणारी कन्या आणि आम्ही, असे चौघे डोणगांवाहून अकोल्यास निघालों होतों. गाडी नऊ वर्षांची, पण नीट राखलेली. पुढें कपाशीनें ठासून भरलेला एक ट्रक संथपणें चालला होता. समोरचा रस्ता मोकळा पाहून पुतण्यानें गाडी उजवीकडे काढली व वेग वाढविला. आमची गाडी ट्रकाच्या मध्यावर आली असेल नसेल, तोंच फट्‌ असा बारीकसा आवाज झाला आणि गाडीचा जोर गेला. इंजिन चालूच होतें. पण पायाखालीं कितीही दाबलें तरी गाडी पुढें सरकेना. मागें वळून पाहिलें तों काळ्या धुराचा लोट. इतक्यांत समोरून एक मोठें वाहन येतांना दिसलें. “काका, गाडी उचलत नाहीं!” एवढेंच पुतण्याच्या तोंडून निघालें. ट्रकवाल्या भल्या माणसानें आमची अवस्था ओळखून आपला ट्रक कडेला दाबला व वेग मारला, म्हणून पुतण्याला ब्रेक दाबून त्याच्या मागें परत येतां आलें. तो ट्रकवाला कोण, कोठला, आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्या दिवसापासून सायंकाळच्या प्रार्थनेंत आम्ही त्याचें स्मरण करितों.

गाडी कडेला घेऊन बंद केली. थोड्या वेळानें पुन्हा सुरू केली तों ती अगदीं शहाण्यासारखी चालूं लागली. मात्र चढ आला कीं पुन्हा तोच धूर, तीच लंगडी चाल. कसेबसे शहरांत पोंचलों. तेथील एका गॅरेजांत दुसऱ्या दिवशीं गाडी दाखविली. त्यांनीं तिला संगणकाचें यंत्र जोडलें, पांच मिनिटांत पडद्याकडे पाहिलें आणि निकाल दिला : “टर्बो गेला. नवा बसवावा लागेल.” खर्चाचा आंकडा साठ हजारांच्या वर होता. पुतण्यानें कन्येच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीं बाजूस काढून ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. तो कांहीं बोलला नाहीं, पण त्याचा चेहरा पाहून आम्हीं म्हटलें, “बाबा, घाई करूं नकोस. गाडी हळूहळू डोणगांवास ने. तेथें आमचा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवितो, त्यास दाखवूं.”

त्यानें काय पाहिलें हें सांगण्यापूर्वीं टर्बो म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे.

डिझेलचें इंजिन वऱ्हाडांतील शेतकऱ्यास नवें नाहीं. १९४६ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचीं इंजिनें महाराष्ट्रांतील विहिरींवर पिढ्यान् पिढ्या पाणी उपसत आलीं आहेत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें चाललें. त्याचें तत्त्व सोपें आहे. नळकांड्यांत नुसती हवा ओढून घ्यावयाची व ती दाबून दाबून इतकी तापवावयाची, कीं तिच्यांत तेलाचा फवारा पडतांच तें आपोआप पेट घेईल. ठिणगीची गरज नाहीं. परंतु तेल जळावयास हवा लागते. एक भार डिझेल पूर्ण जाळावयास सुमारें साडेचौदा भार हवा लागते, आणि धूर न होतां जळावयाचें तर प्रत्यक्षांत याहूनही अधिक लागते. तेव्हां इंजिनाचा जोर वाढवावयाचा तर तेल अधिक घालून भागत नाहीं. हवाही अधिक घातली पाहिजे.

लोहाराचा भाता आपण सर्वांनीं पाहिला आहे. भात्यानें वारा घातला कीं निखारा फुलतो. टर्बो हा इंजिनाचा भाता होय. परंतु तो हलवावयास वेगळा माणूस लागत नाहीं. इंजिनांतून बाहेर पडणारा तापलेला धूर एका लहानशा चक्रावर आदळतो व तें फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरें चक्र असतें. तें बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनांत लोटतें. जी ऊर्जा सायलेन्सरांतून वायां जावयाची, तीच पुन्हा कामास लागते. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस यंत्रज्ञाची. तिचें पेटंट त्यानें १९०५ सालीं घेतलें. आरंभीं ती जहाजें व मोठीं इंजिनें यांच्यापुरतीच होती. १९७८ सालीं मर्सिडीज-बेंझच्या ३०० एस्‌डी या गाडीच्या रूपानें ती डिझेलच्या प्रवासी मोटारींत आली, आणि आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक सर्व नव्या डिझेल गाड्यांस टर्बो असतो.

या भात्याचें जिणें मात्र मोठें कठीण. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक, कधींकधीं दोन लाखांच्या घरांत फेरे घेतो. एका बाजूस सातशें-आठशें अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, आणि मध्यें दांडा तरंगतो तो केवळ तेलाच्या केसाहून पातळ थरावर. तो थर तुटला कीं दांडा घासला, आणि दांडा घासला कीं टर्बो संपला. शिवाय दाबलेली हवा तापते, म्हणून ती गार करण्यासाठीं गाडीच्या तोंडाशीं इंटरकूलर नांवाची जाळी असते. टर्बोपासून त्या जाळीपर्यंत व जाळीपासून इंजिनापर्यंत रबराच्या जाड नळ्या गेलेल्या असतात. ही नळ्यांची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

आतां मुख्य प्रश्न. जोर गेला म्हणजे टर्बो गेला, हें अनुमान बरोबर आहे काय?

संस्कृत पाठशाळेंत अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकतांना आमच्या गुरुजींनीं हा विषय आमच्याकडून चांगला घोटून घेतला होता. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें अनुमान करितां येतें, कारण धूर अग्नीवांचून असूंच शकत नाहीं. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघावयास ओल्या सरपणाची जोड लागते. एका बाजूनें खरें असलेलें विधान उलटें करून वापरणें हा मोठा दोष होय. गाडीच्या बाबतींत नेमकें हेंच होतें. टर्बो मोडला तर जोर जातो, हें खरें. पण जोर गेला म्हणून टर्बो मोडला, हें खरें नव्हे. जोर जाण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं शेंपन्नास रुपयांपासून दोनचार हजारांतच निस्तरणारीं असतात.

आमच्या विद्यार्थ्यानें गाडीस हात लावण्यापूर्वीं पुतण्यास नीट बसवून प्रश्न विचारले. आम्ही शेजारीं बसून ऐकत होतों. जोर हळूहळू कमी होत गेला कीं एकाएकीं गेला? आवाज आला काय? धूर कोणत्या रंगाचा? गाडी बंद करून सुरू केली तर जोर परत येतो काय? तेल कमी होतें काय? घड्याळांच्या पाटीवर इंजिनाचा दिवा लागला काय? वैद्य नाडी धरण्यापूर्वीं रोग्यास जसें बोलतें करितो, तसाच हा प्रकार होता. या प्रत्येक प्रश्नास अर्थ आहे.

जोर महिनोन् महिने हळूहळू उतरत गेला असेल, तर हवेचा फिल्टर धुळीनें भरला असणें, डिझेलचा फिल्टर तुंबला असणें किंवा धुराची वाट काजळीनें अरुंद झाली असणें, या शंका आधीं घ्याव्या. फट्‌ असा आवाज होऊन जोर एकाएकीं गेला व काळा धूर आला, तर हवेची नळी निसटली किंवा फाटली असण्याचा संभव मोठा. तेल पुरेसें पडतें आहे, पण दाबलेली हवा वाटेंतच पळते आहे. न जळलेलें तेलच काजळी होऊन बाहेर येतें. गाडी चढावर आचके देते पण धूर मुळींच नाहीं, तर हवा नव्हे, डिझेलच कमी पडतें आहे, असें समजावें : फिल्टर, डिझेलांतील पाणी किंवा तेलाच्या वाटेंत शिरलेली हवा तपासावी. आणि बंद करून सुरू केल्यावर जोर परत येतो, तेव्हां बहुधा संगणकानें स्वतःच जोर आवरलेला असतो. हवेचा दाब अपेक्षेहून फार कमी किंवा फार अधिक झाला, कीं इंजिनास इजा होऊं नये म्हणून तो तेलाचें माप कमी करितो. मिस्त्री यास ‘लिंप मोड’ म्हणतात. आम्ही लंगडी चाल म्हणूं. जो टर्बो खरोखर मोडला, तो किल्ली फिरविल्यानें कांहीं बरा होत नाहीं, हें साध्या विचारानेंही कळण्यासारखें आहे.

धुराच्या रंगाविषयीं दोन शब्द अधिक. काळा धूर म्हणजे तेल फार किंवा हवा थोडी. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळतें आहे. पांढरा दाट धूर म्हणजे इंजिनांत थंडाव्याचें पाणी शिरलें आहे किंवा डिझेल न जळतांच बाहेर पडतें आहे. परंतु येथेंही सावध असावें. निळा धूर टर्बोच्या झिजलेल्या सीलमुळें जसा येतो, तसाच तो झिजलेल्या पिस्टन-रिंगांमुळें, इंजिनांत तेल मापाबाहेर भरल्यामुळें किंवा इंजिनाच्या पोटांतील वाफ बाहेर पडण्याची नळी तुंबल्यामुळेंही येतो. जें चिन्ह अनेक कारणांशीं नांदतें त्यास आपले नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणत. अशा एका चिन्हावर निकाल देऊं नये. दुसरी साक्ष काढावी.

साक्ष काढण्याचा क्रम आमच्या विद्यार्थ्यानें स्वस्ताकडून महागाकडे असा लावला होता. इंजिन थंड असतांना प्रथम हवेचा फिल्टर काढून पाहिला. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या प्रत्येक नळीवरून, विशेषतः तिच्या खालच्या अंगावरून, बोटें फिरविलीं व प्रत्येक क्लिप हलवून पाहिली. जेथें नळी फुटते तेथें तेलकट ओल व तिच्यावर बसलेली धूळ दिसते, कारण दाबलेल्या हवेबरोबर तेलाचा थोडा अंशही बाहेर पडतो. त्यानंतर टर्बोच्या दाबावर ताबा ठेवणारी दांडी हलते काय व तिच्याकडे जाणारी बारीक नळी शाबूत आहे काय, हें पाहिलें. हें सर्व झाल्यावर मगच त्यानें यंत्र जोडलें.

यंत्रानें तेंच सांगितलें जें शहरांत सांगितलें होतें : पी ०२९९, म्हणजे हवेचा दाब कमी. (दाब अधिक झाल्याची खूण पी ०२३४ अशी असते.) येथेंच शहरांतील निकालाची चूक आमच्या ध्यानांत आली. यंत्र खोटें बोललें नव्हतें. दाब कमी आहे, एवढेंच तें म्हणत होतें. कां कमी आहे, हें त्यानें सांगितलेंच नव्हतें. तें ‘कां’ माणसानें आपल्या मनानें जोडलें. यंत्रावर पाहण्याच्या खऱ्या गोष्टी दोन. एक, किल्ली फिरवून पण इंजिन सुरू न करितां दाबाचा आंकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे समुद्रसपाटीस सुमारें १०० किलोपास्कल व आमच्यासारख्या पठारावर किंचित कमी, दिसतो काय. तसा न दिसला तर सेन्सरच खोटा. दुसरी, गाडी चालवितांना संगणकानें मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब यांत अंतर कोठें व केव्हां पडतें.

आमच्या गाडींत सेन्सर खरा निघाला. मग त्यानें आम्हांस जवळ बोलावलें व म्हटलें, “गुर्जी, टर्बो मेला असता तं आधी बोंबलला असता. हा तं मुका हाये. मले वाटते, हवाच कुठून तरी पळून राह्यली.” पुतण्यास त्यानें बैठकीवर बसवून हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबावयास सांगितलें, आणि आपण फिरत्या भागांपासून हात दूर ठेवून खालून बॅटरीच्या उजेडांत पाहूं लागला. इंजिन संथ असतांना नळी धडधाकट दिसे. दाब वाढला कीं इंटरकूलरजवळच्या वळणावर, खालच्या अंगास, बोटभर लांबीची फट तोंड उघडी व फुस्‌ असा आवाज येई. दाब उतरला कीं फट मिटे. त्यामुळें वरवर पाहणाऱ्यास ती दिसली नसती. नवी नळी व दोन क्लिपा मेहकराहून मागविल्या. सर्व खर्च मजुरीसुद्धां अडीच हजारांच्या आंत झाला. टर्बो जुनाच आहे, आणि आज वर्ष होत आलें तरी तो आपलें काम चोख बजावीत आहे.

कोणी म्हणेल, टर्बो कधीं मोडतच नाहीं काय? मोडतो. पण तो मोडला असें ठरविण्यापूर्वीं तो डोळ्यांनीं पाहावा. इंजिन बंद व पूर्ण थंड असतांना हवेच्या बाजूची नळी काढली कीं आंतील चक्र दिसतें. पातीं तुटलीं किंवा वांकलीं असतील, तर बाहेरचा खडा किंवा फिल्टराचा तुकडा आंत गेला. दांडा बोटानें हलविला असतां आडवा किंचित हलणें हें स्वाभाविक आहे. पातीं कडेच्या भिंतीस घासत असतील, किंवा दांडा पुढेंमागें सरकतांना हातास स्पष्ट जाणवत असेल, तर टर्बो झिजला. नळींत तेलाचा पुसटसा ओलावा असणें हा दोष नव्हे; तेलाचें थारोळें असणें हा दोष होय. आणि वेगाबरोबर चढत जाणारी भोंग्यासारखी किंचाळी, निळा धूर व तेल झपाट्यानें उतरणें या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर मात्र गाडी पुढें रेटूं नये. टर्बोचें सील पूर्ण फुटल्यास इंजिन आपलें वंगणच इंधन म्हणून पिऊं लागतें, आणि किल्ली काढली तरी थांबत नाहीं. अशा वेळीं हातगिअरच्या गाडीचा सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतें. तें न साधल्यास माणसांस उतरवून दूर न्यावें. गाडीपेक्षां माणूस मोलाचा. चालू इंजिनाच्या हवेच्या तोंडावर हात मात्र कधींही ठेवूं नये.

टर्बो खरोखरच मोडला असला तरी प्रश्न संपत नाहीं. आमच्या एका आप्तांच्या जीपचा टर्बो गेला होता. दांडा झिजलेला सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला. नवा बसविला, आणि दीड महिन्यांत तोही तसाच गेला. तेव्हां कोणास सुचलें, कीं टर्बोस तेल पोंचविणारी बारीक नळी उघडून पाहावी. ती जळलेल्या तेलाच्या काजळीनें जवळजवळ बुजली होती. पहिला टर्बो तहानेनें मेला होता, आणि दुसऱ्यासही त्याच कोरड्या विहिरीवर नेऊन उभें केलें होतें. टर्बो हा बहुधा अपराधी नसतो. दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा तो भोगीत असतो. नवा टर्बो बसविणाऱ्यानें तेलाची नळी, तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर व इंटरकूलरमध्यें सांचलेलें तेल, हें सर्व एकाच वेळीं पाहून घ्यावें. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वीं टर्बोत स्वच्छ तेल घालावें.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी. एस. सहा प्रमाणाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती मोकळ्या रस्त्यावर कांहीं काळ सलग चालल्यावरच तापून आपली काजळी जाळते. ज्यांची गाडी रोज गांवांतल्या गांवांत, शाळा व बाजार एवढीच फिरते, त्यांची गाळणी तुंबून जोर जातो, आणि दोष पुन्हा टर्बोवर येतो. त्या गाळणीचा दिवा लागला असतां तो अंगावर काढूं नये. गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें तिला मोकळ्या रस्त्यावर चालवून आणावें.

राखण सोपी आहे. तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें व वेळच्या वेळीं बदलावें. टर्बोचें आयुष्य सर्वांत अधिक यावर अवलंबून आहे. गाडी सुरू करितांच जोरानें पळवूं नये. तेल वर चढण्यास थोडा अवकाश द्यावा. लांबच्या किंवा चढाच्या प्रवासानंतर एकदम किल्ली काढूं नये. एकदोन मिनिटें इंजिन संथ चालूं द्यावें, म्हणजे तापलेल्या दांड्याभोंवतीचें तेल करपत नाहीं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर धुळीचे लोट असतात. त्या दिवसांत हवेचा फिल्टर नेमल्या वेळेआधीं पाहावा. आणि वाटेंत जोर गेलाच, तर पुढें काढण्याचा मोह त्याच क्षणीं सोडून, इशाऱ्याचे दिवे लावून, डावीकडे यावें. तेलाचा तांबडा दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करावें. तेथें एका मिनिटाची हयगयही महागांत पडते. गॅरेजांत मात्र मिस्त्र्यास नम्रपणें एवढें विचारावें : “दोष कोठें आहे तो आम्हांस दाखवाल काय?” जो प्रामाणिक आहे त्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. हा विद्यार्थी सातवींत असतांना वर्गांतील भिंतीवरचा नकाशा एके दिवशीं फाटलेला आढळला. मधल्या सुटींत आम्ही वर्गांत शिरलों तों नकाशा याच्या हातांत. आम्हीं कांहीं न विचारतां छडी उचलली. वार्षिक परीक्षा झाल्यानंतर दुसऱ्या एका मुलाकडून कळलें कीं नकाशा आधींच फाटलेला होता, आणि हा खळ लावून तो चिकटवीत होता. आम्हीं त्यास कधींच कांहीं म्हटलें नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्यापुढें चूक कबूल केली तर शिस्त राहत नाहीं, असा त्या काळीं आमचा समज होता. पुढें शाळा सुटली, वर्षें गेलीं, आणि कबूल करण्याची वेळही निघून गेली असें आम्हांस वाटूं लागलें.

ती फाटकी नळी त्यानें आमच्या हातांत दिली तेव्हां आमच्यानें राहवेना. पुतण्यादेखतच आम्हीं त्यास त्या नकाशाची आठवण करून दिली, व त्या दिवशीं आमच्याकडून अन्याय झाला असें सांगितलें. तो क्षणभर कांहीं बोलला नाहीं. मग फडक्यास हात पुसत म्हणाला, “जाऊ द्या, गुर्जी. फाटलेलं जोडाचंच काम पुढं मले भेटलं.” आणि त्यानें पुतण्यास गाडी सुरू करावयास सांगितलें.

त्या फाटक्या नळीचा तुकडा आम्हीं घरीं आणून आमच्या मेजावर ठेवला आहे. गाडी असो कीं मूल, जेथें दोष दिसतो तेथेंच तो उपजला असें धरून चालूं नये, एवढें तो आम्हांस रोज सांगतो. वाचकांपैकीं ज्यांच्या दारीं डिझेलची गाडी आहे त्यांनीं पुढच्या वेळीं तेल बदलतांना त्या नळ्यांवरूनही एकदां हात फिरवून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.